उबुंटूचं अपग्रेड अर्ध्यात अडकलं तर

उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचं अपग्रेड चालू असताना वीज गेली, आता स्क्रीन काळी. लगेच फॉरमॅट करायला धावू नका. बहुतेक वेळा तुमच्या फाइली जागच्या जागी असतात. तरी महत्त्वाचं काही असेल तर आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून उबुंटू इन्स्टॉल न करता थेट चालतं) मशीन सुरू करून होम फोल्डरची प्रत काढा. कंटाळवाणं आहे, पण कराच.

मग मशीन चालू होताना एस्केप दाबा (मशीन सुरू करणारी जुनी व्यवस्था, म्हणजे बायोस, असेल तर शिफ्ट धरून ठेवा). ग्रब मेनूत (काय सुरू करायचं ते निवडायची यादी) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दिसेल. पुष्कळदा त्यावर मशीन सुरळीत उठतं. नाहीच उठलं तर तिथलाच रिकव्हरी मोड (दुरुस्तीचे पर्याय देणारा मेनू) निवडा. आधी ‘क्लीन’ चालवून जागा मोकळी करा, कारण भरलेलं बूट विभाजन (डिस्कचा कर्नल ठेवायचा भाग) हा नेहमीचा गुन्हेगार. मग इंटरनेट जोडायला ‘नेटवर्क’ आणि त्यानंतर ‘डीपीकेजी’: अर्धवट राहिलेली पॅकेजं हाच पर्याय मार्गी लावतो. याला वेळ लागतो. स्क्रीन थिजल्यासारखी वाटली तरी पॉवर बटणाला हात लावू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेलाच ठेवा.

नवा कर्नल नीट चालल्याची खात्री होईपर्यंत जुना काढू नका.