पहाटेचा तास आणि दोनशे पानी वही: मध्यम लहरींवरची दूरची केंद्रं कशी पकडावीत, कशी नोंदवावीत

पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. आकाशवाणीची बरीच केंद्रं त्याच्या तासभर आधी, सहाच्या आसपास, आपली पहिली सभा सुरू करतात. क्षेपणयंत्रं चालू आणि आकाश अजून अंधारात, असा एक तास हिवाळ्यात रोज फुकट मिळतो. त्या तासात साध्या ट्रान्झिस्टरवर धारवाडची कन्नड, राजकोटची गुजराती, हैदराबादची तेलुगू ऐकू येते. नशीब जोरावर असेल तर कोलकात्याची बंगालीही.

अशी दूरची केंद्रं शोधून त्यांची नोंद ठेवण्याच्या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. डीएक्स हे तारायंत्रवाल्यांनी 'लांबचं अंतर' यासाठी केलेलं लघुरूप. घरातल्या जुन्या मंडळींना सांगितलंत तर ती लगेच सिलोनची आठवण काढतील. पण सिलोन ऐकलं जायचं ते शॉर्टवेव्हवर. आपला विषय मीडियम वेव्ह, म्हणजे रेडिओवरचा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा पट्टा. इथे ऐकणं फारसं अवघड नाही. आपण नेमकं काय ऐकलं हे प्रामाणिकपणे लिहिणं अवघड आहे.

रेडिओ कोणता घ्यावा

घरात पडलेला कुठलाही मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर चालेल. नवा घ्यायचाच असेल तर आकड्यांत कंपनसंख्या (फ्रीक्वेन्सी) दाखवणारा आणि एका वेळी ऐकू येणाऱ्या पट्ट्याची रुंदी कमीजास्त करता येणारा घ्या; टेकसनचा पीएल-३१०ईटी या कामाला पुरेसा आहे. घेतल्यावर आधी एक गोष्ट तपासा. अशा रेडिओत ९ किंवा १० किलोहर्ट्झच्या पायरीची निवड असते. अमेरिकेत केंद्रं दहा-दहाच्या अंतरावर असतात. आशिया, युरोप आणि आफ्रिकेत १९७८ सालच्या नोव्हेंबरपासून नऊची पायरी आहे. रेडिओ दहावर राहिला तर तुम्ही प्रत्येक केंद्राच्या शेजारून जाल आणि दोष रेडिओला द्याल.

यातून एक गंमतही निघते. आपल्याकडच्या केंद्राचा आकडा नवाच्या पाढ्यात बसतो, म्हणून त्यातल्या अंकांची बेरीज नवाच्या पटीत येते. मुंबई ५५८, बेरीज अठरा. पुणे ७९२, अठरा. मुंबईचंच १०४४, नऊ. वहीत १०४५ लिहिलेलं दिसलं तर चूक तुमची किंवा रेडिओची.

जुना काट्याचा रेडिओ असेल तर ओळखीची केंद्रं मैलाचे दगड समजा. ५५८, ७९२, १०४४ आणि मुंबई विविध भारतीचं ११८८ कुठे लागतं तिथे डायलच्या काचेवर पेन्सिलीने खुणा करा. मधल्या जागा अंदाजाने वाचता येतात.

आणि ती लांब ओढायची चकचकीत काडी खुशाल आत ढकला. मीडियम वेव्हला तिचा उपयोग नसतो. खरा अँटेना रेडिओच्या पोटात असतो, काळपट फेराइटची कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार. ही कांडी दिशा ओळखते. तिची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज मोठा, टोक केंद्राकडे असलं की आवाज जवळपास नाहीसा. म्हणजे अँटेना फिरवायचा तर अख्खा रेडिओच फिरवायचा. टेबलावर एक फिरती थाळी ठेवली तर उत्तम. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यांची होती, ती मी पळवली.

आधी दुपारची यादी

सगळे नवशिके रात्री सुरुवात करतात आणि गोंधळतात. तुम्ही रविवारी दुपारी बारा ते दोनमध्ये बसा. पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि जे जे ऐकू येईल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ही तुमची जमिनीवरून येणारी केंद्रं. दिवसा सूर्यप्रकाशामुळे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा जो विद्युतभारित थर तयार होतो, तो मध्यम लहरी गिळून टाकतो. त्यामुळे वर गेलेलं परत येत नाही. जमिनीला धरून आलेलं तेवढं मिळतं. सूर्य मावळला की हा थर विरतो, आणि त्याच्या वरचे थर लहरींना आरशासारखे खाली परतवतात. रात्री जे यादीबाहेरचं लागेल ते आकाशमार्गे आलं, हे मग वेगळं शोधावं लागत नाही.

कोकणात राहणाऱ्यांची दुपारची यादी घाटावरच्यांपेक्षा लांब निघू शकते. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्याने समुद्रावरून जाणारी लहर फार कमी थकते. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडच्या वाचकांनी किनाऱ्यावर बसून हे करून पाहावं.

घरातली खरखर

लांबचं केंद्र आणि आपण यांच्या मधला मोठा शत्रू आपल्याच घरात असतो. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर. रेडिओ सेलवर चालवा. मग एकेक बटण बंद करत जा. कोणत्या बटणाला खरखर जाते हे दहा मिनिटांत कळतं. शेजारच्यांचे दिवे बंद करता येत नाहीत, म्हणून गच्ची. वीज गेली की सोसायटीतले सगळे हळहळतात, तेव्हा मी रेडिओ घेऊन जिना चढत असतो. अख्खी गल्ली अंधारात असताना जी शांतता पट्ट्यावर पसरते ती एरवी शहरात मिळत नाही.

मे-जूनमध्ये मात्र काही उपाय नाही. वळवाच्या विजांचा कडकडाट शेकडो किलोमीटरवरून ऐकू येतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा.

डायलवरच्या एखाद्या जागी मात्र घरभर वीज बंद करूनही एकसारखी, न बदलणारी सळसळ राहते आणि शेजारच्या जागीही पसरते. तो बिघाड असेलच असं नाही. आकाशवाणी काही यंत्रांवरून डीआरएम पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण करते, आणि साध्या रेडिओला ते असंच ऐकू येतं.

पहाटेचा क्रम

पावणेसहाचा गजर लावा. आधी पूर्वेकडची केंद्रं शोधा, कारण तीच आधी जाणार. जानेवारीच्या मध्यावर कोलकात्याला सव्वासहाच्या सुमारास उजाडतं, राजकोटला जवळपास साडेसातला. त्यामुळे पूर्वेची केंद्रं आधी विरतात, मग हैदराबादसारखी मधली, आणि गुजरात शेवटपर्यंत तग धरतो. एका जागी खिळून न बसता उजेडाच्या पुढे-पुढे सरकत गेलात तर तासाभरात पाच-सहा भाषा होतात.

सुरुवातीला हे आकडे हाताशी ठेवा: इंदूर ६४८, हैदराबाद ७३८, धारवाड ७६५, राजकोट ८१०, अहमदाबाद ८४६. कोलकाता ६५७. आपल्याकडची नागपूर ५८५, जळगाव ९६३, सांगली १२५१, परभणी १३०५; पणजी १२८७. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीची बरीच मध्यम लहरींची यंत्रं बंद झाली आहेत, तेव्हा यादीत आहे ते हवेत असेलच असं धरू नका.

हे केंद्र कोणतं?

भाषा कळली म्हणजे केंद्र कळलं असं नाही. कन्नड धारवाडहूनही येते आणि बंगळुरूहूनही. दिल्लीच्या बातम्या तर देशभरची केंद्रं एकाच वेळी सहक्षेपित करतात. त्या दहा मिनिटांत कान देऊन काही हाती लागत नाही. बातम्या संपल्या की लगेच जो स्थानिक निवेदक बोलतो त्याच्यासाठी थांबायचं. सभेच्या सुरुवातीचा क्षण सर्वांत सोन्याचा: वॉल्टर काउफमन यांनी बांधलेली ती ओळखधून, वंदे मातरम्, आणि मग निवेदन. कित्येकदा त्यात मीटर आणि किलोहर्ट्झ दोन्ही सांगतात. पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ३७८.८ मीटर. आवाज विरत असेल आणि नुसते मीटर कानावर पडले तर तीन लाखांना त्या आकड्याने भागा, किलोहर्ट्झ मिळतात.

परदेशी केंद्रांसाठी घड्याळाची एक युक्ती आहे. केंद्राचं नाव बहुधा तिथल्या तासाच्या ठोक्याला येतं. पाकिस्तान आपल्या अर्धा तास मागे, बांगलादेश अर्धा तास पुढे. दोन्हीकडचा ठोका आपल्या साडेच्या वेळी पडतो. नेपाळ पंधरा मिनिटं पुढे, म्हणून तिथले आठ आपल्या पावणेआठला वाजतात. श्रीलंकेचं घड्याळ आपलंच. साडेसात वाजता अनोळखी केंद्रावर वेळेचे टिकटिक ठोके ऐकू आले तर तुम्ही बहुतेक सीमेपलीकडे पोचला आहात.

एकाच जागी दोन केंद्रं एकमेकांत मिसळली असतील तर थाळी हळूहळू फिरवा. एक केंद्र बुडेपर्यंत फिरवा, दुसरं वर येतं. मोठा आवाज शोधण्यापेक्षा नको असलेला आवाज बुडवणं जास्त कामाचं, कारण आवाज बुडायची जागा अगदी अरुंद आणि नेमकी असते. ती सापडली की कांडीच्या टोकांची रेघ नकाशावर ओढा. बुडालेलं केंद्र त्या रेघेवर कुठेतरी आहे. रेघेच्या कोणत्या बाजूला, ते मात्र कांडी सांगत नाही.

आता फसवणुकीबद्दल. रेडिओ पकडलेलं प्रत्येक केंद्र आत आधी एका ठरलेल्या, मधल्या कंपनसंख्येवर आणतो; बहुतेक साध्या रेडिओंत ती ४५५ किलोहर्ट्झची असते. त्यामुळे जवळचं दणदणीत केंद्र आपल्या खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ, म्हणजे त्याच्या दुप्पट, खालीही भुतासारखं उमटतं. सोलापूर केंद्र १६०२ वर. त्यातून ९१० वजा केले की ६९२. आणि ६९३ वर कोण? ढाका! सोलापुरात स्वस्त रेडिओ घेऊन बसलेल्या माणसाने काटा तिथे नेला, काहीतरी अस्पष्ट लागलं, आणि यादीत पाहून 'बांगलादेश बेतार' लिहून टाकलं, तर त्याने स्वतःच्याच गावाची परदेशी नोंद केली. असा संशय आला की खरं केंद्र आणि हे भूत यांचा मजकूर एकच आहे का, ते दुसऱ्या रेडिओवर ताडून पाहा.

यादीत पाहून लिहायचा मोह हा या छंदाचा खरा रोग आहे. माझ्या पहिल्या वहीतल्या निम्म्या नोंदी अशाच, ६५७ ला काहीतरी वाजलं म्हणजे कोलकाताच असणार. पुढे त्या सगळ्या मी खोडल्या. आता नियम एकच: केंद्राचं नाव कानाने ऐकलं, किंवा दुसरीकडे असू शकणार नाही असा स्थानिक मजकूर ऐकला, तरच पक्की नोंद. नाहीतर प्रश्नचिन्ह. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, पण फोन विमान-मोडवर आणि रेडिओपासून हातभर लांब. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या गावातला रेडिओ चालवून ऐकता येतं. ते ताडून पाहायला छान आहे, पण माझ्या वहीत त्याला जागा नाही. कान माझा असला तरी आकाश त्याचं.

नोंद कशी लिहावी

तारीख, वेळ, कंपनसंख्या, भाषा, ऐकलेला मजकूर, दर्जा, रेडिओ, जागा. दर्जासाठी सिनपो नावाची पाच आकड्यांची पद्धत आहे: आवाजाची ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण कसं ऐकू आलं. प्रत्येकाला एक ते पाच. पाच म्हणजे उत्तम. नमुना असा:

१४ जानेवारी, पहाटे ५.५८, ७६५ किलोहर्ट्झ, कन्नड. ओळखधून, वंदे मातरम्, निवेदिकेने 'धारवाड' दोनदा म्हटलं, मग भक्तिगीत. ३३३२३. गच्ची, पुणे.

'गाणी चालू होती' असं लिहू नका. गाणी सगळीकडेच चालू असतात. परदेशी केंद्रासाठी जागतिक वेळही लिहा: आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदीची तारीख त्यात एक दिवस मागे जाते, आणि हे सगळ्यांकडून चुकतं.

चौकटीचा अँटेना

महिनाभरानंतर हे करा. साठ सेंटिमीटरची चौरस लाकडी चौकट, तिच्याभोवती प्लॅस्टिकच्या आवरणाच्या तारेचे बारा फेरे, दोन फेऱ्यांत अर्धा सेंटिमीटर जागा. तीस मीटर तार पुरते. तारेची दोन टोकं जुन्या रेडिओतून काढलेल्या गँगच्या (केंद्र लावताना फिरतो त्या कपॅसिटरच्या) एका भागाला जोडा. ३६५ ते ५०० पिकोफॅरडची गँग चालते. बस्स. रेडिओला तार जोडायची नाही, वीज लागत नाही. चौकट उभी ठेवून रेडिओ तिच्याजवळ असा ठेवा की कांडी चौकटीला आरपार जाणाऱ्या दिशेत असेल. मग केंद्र लावून गँग फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो. यापुढे रेडिओ आणि चौकट एकत्र फिरवायची. पट्ट्याचं वरचं टोक, १६०० कडचं, जमत नसेल तर एक फेरा काढा. खालचं जमत नसेल तर एक वाढवा.

पत्र

पक्की नोंद झाली की केंद्राला अहवाल पाठवा. तपासून तो बरोबर ठरला तर केंद्र पोचपावतीचं कार्ड पाठवतं. त्याला क्यूएसएल म्हणतात. आकाशवाणीही अशी कार्डं देत आली आहे. अहवालात किमान पंधरा-वीस मिनिटांचा मजकूर मिनिटवार द्या. ऐकू न आलेला भाग रिकामा सोडा, कारण अंदाजाने भरलेली एक ओळ पूर्ण अहवालावर शंका आणते. पत्रात कार्डाची विनंती शेवटी, आधी निवेदन स्पष्ट होतं की नाही, कोणतं केंद्र मध्ये येत होतं, हे लिहा. उत्तराला कधी महिने लागतात, कधी ते येतच नाही. पुन्हा लिहाल तेव्हा जुन्या अहवालाची प्रत पाठवू नका. दुसऱ्या एखाद्या पहाटे तेच केंद्र परत पकडा आणि नवा पाठवा.