डॉल्बी, इअरबड आणि कानांचा आठवड्याचा कोटा

बेळगावहून खानापूरला रोज कॉलेजसाठी ये-जा करणारी मुले बसच्या इंजिनाची घरघर झाकण्यासाठी इअरबडचा आवाज वाढवतात आणि उतरल्यावर तो कमी करायला विसरतात. म्हणून आवाजाची पातळी घरातल्या शांत खोलीतच ठरवावी आणि बसमध्ये तिला हात लावू नये. तेवढ्यात गाणे ऐकू येत नसेल, तर कानात घट्ट बसणारी रबरी टोके असलेले किंवा बाहेरचा गोंगाट कापणारे इअरबड वापरावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो. मात्र दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, त्यामुळे ९० डेसिबलला जेमतेम चार तास उरतात आणि ११० डेसिबलला अवघी अडीच मिनिटे. अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून हा कोटा संपल्यावर उसनवारी नाही.

गणेश विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे सरकत असताना डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांचा हा कोटा एका गाण्यातही संपू शकतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण अरुंद गल्लीत तो दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आदळून परततो, म्हणून नाचायचेच असेल तर चौकात, स्पीकरपासून लांब नाचावे आणि अधूनमधून शेजारच्या बोळात जाऊन कानांना विसावा द्यावा. कापसाच्या बोळ्यांवर आमच्याकडे फार विश्वास आहे, पण त्यांनी फारसे काही अडत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. ते बोटांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत सारावेत आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरावेत.

मिरवणुकीनंतर कानांना दडे बसले, कुईं असा आवाज येत राहिला किंवा समोरच्याचे बोलणे ऐकू येऊनही ‘स’ आणि ‘फ’ नीट कळेनासे झाले, तर पुढचे काही दिवस इअरबड बाजूला ठेवावेत. दुसऱ्या दिवशीही फरक पडला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. गोंगाटाने झालेली हानी बहुधा ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीतल्या आवाजाच्या, आसपास आधी दिसते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण अशा वेळी उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते आणि घरी लसणीचे कोमट तेल घालून वाट पाहण्यात नेमका तोच वेळ जातो.