जुनी, जास्त पळालेली गाडी घेताय? या चुका टाळा

"दाजी, कुठली घेऊ?" गेल्या उन्हाळ्यात मेहुण्याने जेवता जेवता विचारलं. दिवसभरात तो दोन गाड्या बघून आला होता. एक 2014 ची डिझेल सेदान, मीटरवर 1,62,000 किलोमीटर. दुसरी त्याच वर्षाची पेट्रोल हॅचबॅक, मीटरवर 58,000. किमतीत फारसा फरक नव्हता. त्याचं मन हॅचबॅकवर बसलं होतं आणि घरातल्या सगळ्यांचंही. दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली गाडी म्हणजे संपलेली गाडी, असं आपल्याकडे धरूनच चालतात.

मी कागद घेतला आणि त्याच्यासमोर एक साधा हिशोब मांडला. सेदानचा मालक महिन्यातून दोनदा सोलापूर-पुणे करणारा. हायवेवर सरासरी ताशी 60 धरली तर 1,62,000 किलोमीटरसाठी इंजिन चाललं 2,700 तास. हॅचबॅक जुळे सोलापूर ते नवी पेठ, शाळा, भाजी मंडई अशी गावातल्या गावात फिरलेली. तिथे सरासरी ताशी 20 धरली तर 58,000 किलोमीटरला 2,900 तास होतात. म्हणजे "कमी पळालेल्या" गाडीचं इंजिन उलट जास्त वेळ चाललेलं. शिवाय गावात दर चौकाला क्लच, ब्रेक आणि गिअर यांची झीज होते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापतच नाही. मग न जळलेलं पेट्रोल आणि दमट वाफ ऑइलमध्ये उतरत राहते आणि ऑइल मुदतीआधीच खराब होतं. हायवेवर एका गिअरमध्ये, एका वेगात चाललेली गाडी वेळेवर सर्व्हिस झाली असेल तर दोन लाखांपर्यंत सहज जाते आणि पुढेही चालते.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे मीटरचा आकडा बघून निकाल देणं. आकडा काय आहे यापेक्षा तो कुठे आणि कसा झाला, हे आधी विचारा.

मीटरवर विश्वास ठेवणं

मीटर डिजिटल असलं म्हणजे ते मागे घेता येत नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. लॅपटॉप जोडून थोड्या वेळात आकडा कमी करता येतो. त्यामुळे मीटरपेक्षा गाडीला विचारा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय का? स्टिअरिंगची पकड चकाकते का? ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीय का? पन्नास हजार किलोमीटर पळालेल्या गाडीत हे सगळं फारसं झिजत नाही. पेडलचं रबर अगदी नवंकोरं दिसलं तरी ते का बदललं, हे विचारा.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. मालक म्हणतो गाडी 30,000 पळाली आणि टायर मात्र गाडीपेक्षा चार वर्षांनी नवे, तर पहिले टायर कशाने झिजले? चारही टायरच्या तारखा बघा. स्टेपनी विसरू नका, बहुतेक वेळा मूळ टायर तिथेच सापडतो.

सगळ्यांत पक्का पुरावा म्हणजे सर्व्हिसची नोंद. गाडीचा नंबर दिला की कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला कोणत्या तारखेला किती किलोमीटर झाले होते ते कळतं. मालकाला सोबत न्या किंवा त्यालाच नोंद काढून द्यायला सांगा. मेहुण्याच्या हॅचबॅकची नोंद काढली, तर 2021 सालीच तिचे 81,000 झालेले होते. मीटर दाखवत होतं 58,000. खरा आकडा लाखाच्या वर असणार, तोही गावातला. म्हणजे इंजिनाचे पाच हजार तास. मेहुणा कितीतरी वेळ त्या कागदाकडे नुसता बघत बसला. त्याचं ते वाईट वाटणं मला समजत होतं, कारण माझी पहिली गाडी मी अशीच घेतली होती.

तापलेलं इंजिन बघून सौदा करणं

माझी चूक वेगळी होती. मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर, ट्यूबलाइटच्या उजेडात गाडी बघितली. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच सुरू होतं. गाडी कशी लोण्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर स्टार्टर मारला आणि निळा धूर अख्ख्या गल्लीत पसरला. गाडी ऑइल खात होती. इंजिनकामाचा खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: गाडी सकाळी सातला, मालकाच्या दारात, थंड असताना बघायची. आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. मग स्टार्ट करताना एकाला मागे सायलेन्सरजवळ उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही, डिझेलमध्ये बहुधा इंजेक्टर किंवा हवेच्या वाटेचं काम. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती मिनिटभरात जाते. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, आत जळतोय.

इंजिन सुरू असताना ऑइल भरायचं झाकण काळजीपूर्वक सैल करा. आतून भपाभप वाफ मारत असेल आणि झाकण वर उडत असेल तर पिस्टन-रिंग झिजलेल्या असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा फेस दिसला, तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका धरा, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग) तपासून घ्या. नेहमी छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाला थोडा ओलसर फेस येऊ शकतो, म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) ही बघा. तिथेही तोच रंग असेल तर सरळ निघा.

आता आपल्या सोलापूरची खास गोष्ट. इथे अनेक गाड्यांमध्ये कूलंटच नसतो, साधं पाणी असतं, तेही बोअरचं. आपल्या बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल कशी पांढरी होते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पावसाळ्यात, हिवाळ्यात काही कळत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 च्या घरात गेला, एसी लावून सात रस्त्याला सिग्नलवर थांबलात की काटा वर चढायला लागतो. एकदा इंजिन खूप तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि चांगलं चाललेलं इंजिन एका दुपारी उघडावं लागतं. गाडी थंड असतानाच, आणि थंड असतानाच, रेडिएटरचं झाकण उघडून बघा. हिरवा, लाल किंवा निळा स्वच्छ कूलंट असला तर मालक गाडीची काळजी घेणारा आहे. गढूळ, गंजाच्या रंगाचं पाणी असलं तर रेडिएटर, होज पाइप, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांचा खर्च किमतीतून वजा करा.

म्हणून दुसरी फेरी भर दुपारी मारा. एसी पूर्ण लावा, गाडी उभी ठेवून वीस मिनिटं इंजिन चालू द्या. काटा मध्यावर थांबला, रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद झाला आणि गाडीत गारवा टिकला, तर तुमचा पुढचा उन्हाळा बराचसा सुरक्षित आहे.

चौकातून चौकात टेस्ट ड्राइव्ह

गल्लीला एक वळसा मारून काही कळत नाही. निदान पंधरा-वीस किलोमीटर चालवा. बाळ्यापासून पुणे हायवेला लागा, ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं का, हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते बघा. खराब रस्त्यावर काच खाली करून ऐका: खडखड आली तर लिंक रॉड, बुश, शॉकअप हे चाकांजवळचे भाग झिजलेत. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टक-टक आवाज आला तर एक्सल जॉइंट. क्लचसाठी हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. घरघर करत राहिलं तर प्लेट घसरतेय. डिझेल टर्बो असेल आणि मालक तयार असेल, तर तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन या. चढावर पिकअप आणि धूर दोन्ही एकाच वेळी कळतात.

इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारायचं राहूनच जातं. 1.3 मल्टिजेट डिझेलमध्ये चेन असते, जुन्या 2.5 लिटर डिझेल इनोव्हात बेल्ट असतो. बेल्टची मुदत कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. तो बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. कारण बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

दर्शनाच्या फेऱ्या आणि पुराचं पाणी

तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. आपल्याकडे या फेऱ्यांवर शेकडो गाड्या धावतात, काही पांढऱ्या, म्हणजे खाजगी नंबरच्या पाटीवरही. किलोमीटर हायवेचे असतात, पण चालवणारे चार, माणसं क्षमतेपेक्षा जास्त, आणि मंदिराबाहेर एसी लावून तासन्‌तास उभी. मागची सीट पुढच्या सीटपेक्षा जास्त झिजलेली, छतावर कॅरिअरच्या खुणा, मागची बाजू बसलेली: असं दिसलं की स्पष्ट विचारा. गाडी पूर्वी टॅक्सी पासिंगची होती का, हे आरटीओच्या नोंदीत कळतं.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला आणि माढा, मोहोळ भागात पाणी घराघरांत शिरलं. अशा पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. मॅट उचलून सीटच्या पट्ट्यांना गंज आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची खूण आहे का, ते बघा. पाण्यातून निघालेल्या गाडीची वायरिंग वर्षा-दीड वर्षाने त्रास द्यायला लागते आणि तो त्रास संपत नाही. ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

कागदांना शेवटी हात घालणं

कागद आधी, इसार नंतर. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस आणि विम्याची मुदत बघा. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 लागतो. ई-चलन थकलंय का, तेही वेगळं तपासा. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, म्हणून पुढच्या हप्त्याचा आकडा आधीच विचारा.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. 1 एप्रिल 2022 ला पंधरा वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी 5,000 केली होती, त्यावर आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. 2011-12 ची गाडी घेताना हा खर्च दारात उभा आहे, हे लक्षात ठेवा.

विजयपूर आणि कलबुर्गी जवळ असल्याने केए-28, केए-32 पासिंगच्या गाड्या आपल्याकडे स्वस्त दिसतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा, एमएच-13 नंबर घ्यायचा. तो टॅक्स किती येतो ते सोलापूर आरटीओत विचारून मगच भाव करा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.

सगळे पैसे किमतीतच घालवणं

तीन लाख जमवले असतील तर अडीचची गाडी बघा. जुन्या गाडीला पहिल्या सहा महिन्यांत खर्च येतोच. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, बुश, एसीचा गॅस ही कामं आहेत म्हणून चांगली गाडी सोडू नका, त्यावर भाव कमी करून घ्या. धूर, ऑइलमध्ये पाणी, वाकलेली चेसिस, मागे घेतलेलं मीटर, यावर मात्र भाव करूच नका. आणि बघायला जाताना स्वतःचा मिस्त्री न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याची सकाळ घेतलीत तर त्याला तिचे पैसे द्या. तो मोकळेपणाने "नको मालक, सोडा" म्हणू शकला पाहिजे.

मेहुण्याने सेदान घेतली. सकाळी सातला थंड इंजिन एका सेल्फला सुरू झालं, धूर नाही. सर्व्हिसच्या नोंदी 1,54,000 पर्यंत सलग होत्या. क्लच जड होता आणि टायर सहा वर्षांचे. मिस्त्रीने दोन्हींचा मिळून 34,000 चा अंदाज कागदावर लिहून दिला, तो दाखवल्यावर मालकाने 25,000 कमी केले. ताबा घेताना आम्ही डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळही घातली, दुपारी 12 वाजून 40 मिनिटं, आणि दोघांच्या सह्या घेतल्या. त्याआधीचं चलन किंवा अपघात विकणाऱ्याने बघायचा, त्यानंतरचा आपण, असं आमच्यात ठरलं. तिथून गाडी थेट गॅरेजला नेली. ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल त्याच दिवशी बदललं, क्लच दुसऱ्या दिवशी.