वस्तीवर वाय-फाय न्यायचंय? डिश नेमकी कशी रोखावी

गावातल्या घरी फायबर आलंय आणि दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर साधी रेंज नाही, ही दक्षिण सोलापुरात घरोघरची अडचण. 5 गिगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर लावल्या की ती सुटते. 2018 पासून त्याला परवाना लागत नाही; सेटिंगमध्ये देश मात्र भारतच निवडा.

पाइप दीड इंची जीआय घ्या, तीन बाजूंनी तारेचा ताण द्या. माळवदात पाइप रोवू नका, भिंतीला क्लॅम्प मारा. पाइप आडवा झाला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, एवढं अंतर ठेवाच.

उंची उभा ऊस धरून ठरवा. तोड झाल्यावर शिवार मोकळं दिसतं, म्हणून 'समोरचं दिसतंय ना, मग झालं' असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. लहरींना नुसती नजरेची रेषा पुरत नाही. दोन किलोमीटरच्या अंतरात मधोमध रेषेच्या सगळ्या बाजूंनी पाच-पाच मीटरचा पट्टा त्या व्यापतात आणि त्यातले निदान तीन मीटर मोकळे लागतात. ऊस चार मीटर वाढला, तर तिथे रेषा जमिनीपासून सात मीटरवर हवी.

आता डिश रोखणं. इथेच मी एक अख्खा पावसाळा घालवला.

वर चढण्याआधी किती सिग्नल यायला हवा ते काढून ठेवा. 23 डीबीआयच्या (डिश सिग्नल किती एकवटते, त्याचं माप) दोन डिश, 13 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) पॉवर आणि दोन किलोमीटर अंतर असेल, तर हिशेबाने -55 डीबीएमच्या आसपास येतो. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला; प्रत्यक्षात -58 आला तरी चालतं. मला -73 मिळाला होता. जोडणी झाली, व्हिडिओ चालला, मी बोल्ट आवळून खाली उतरलो. पाऊस आला की लिंक तुटायची. मी डिशवरच्या रेडिओ डिव्हाइसला दोष देत राहिलो, नवीन आणलं, तरी तेच. डिश मुख्य झोतावर नव्हतीच, बाजूच्या झोतावर अडकली होती. प्रत्येक डिशला असे बाजूचे कमजोर झोत असतात आणि तिथेही सिग्नलचा आकडा चढून उतरतो, त्यामुळे फसायला होतं.

म्हणून पहिल्या चढावर कधीही थांबू नका. एक डिश स्थिर ठेवा. दुसरी डावीकडून उजवीकडे चांगली 40 अंश फिरवा, अगदी हळू. प्रत्येक हालचालीनंतर पाच सेकंद थांबा, कारण आकडा उशिरा बदलतो. सगळ्यांत उंच शिखर सापडलं, की मगच वर-खाली करा. मग हीच कसरत दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे एकदम हलवाल, तर दिवस मावळेपर्यंत जुळणार नाही. दिशा नकाशावरून काढा, वाटेतली पाण्याची टाकी खूण म्हणून धरा. मोबाइलचं होकायंत्र पत्र्याजवळ आणि लोखंडी पाइपाजवळ चुकीचंच दाखवतं.

बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. आवळताना डिश सरकते, म्हणून शेवटी आकडा पुन्हा बघा.

केबल बाहेरच्या उन्हात टिकणारी, शुद्ध तांब्याची. डिव्हाइसजवळ खाली वळसा द्या, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पाइपाला अर्थिंग हवंच.

जुळलेला आकडा पेटीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा. वळवाच्या वाऱ्यानंतर तो सात-आठ डेसिबलने घसरलेला दिसला, तर आधी पाइपाच्या ताणाच्या तारा तपासा.