कंपनीचा मेडिक्लेम असताना स्वतःची पॉलिसी घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी

कंपनीने पाच लाखांचा मेडिक्लेम दिलेला असताना दरवर्षी खिशातून वेगळा हप्ता कशासाठी भरायचा, हा प्रश्न रास्त आहे. परंतु तो 'हे की ते' असा विचारला की उत्तर चुकते. कंपनीची गटपॉलिसी आज येणाऱ्या आजारपणासाठी उपयोगी असते, तर स्वतःची पॉलिसी दहा-पंधरा वर्षांनंतरच्या आजारपणासाठी आज घेऊन ठेवायची असते. म्हणून बहुतेक नोकरदार कुटुंबांना ठरवायचे असते ते एवढेच, की स्वतःची पॉलिसी केवढी घ्यायची आणि कधी.

गटपॉलिसीचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. तिच्या अटी मालक साऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एकत्र ठरवून घेतो, त्यामुळे सहसा वैद्यकीय तपासणी होत नाही, आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब पहिल्या दिवसापासून विम्यात येतो आणि बाळंतपणाचा खर्चही अनेकदा समाविष्ट असतो. हे सर्व बाजारातून घ्यायला गेलात तर एकतर महाग पडते किंवा त्यासाठी थांबावे लागते. म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही. आई-वडिलांना त्यात घेण्याची मुभा असेल आणि त्यांना जुने आजार असतील, तर पगारातून वेगळी रक्कम कापली गेली तरी ते बहुधा फायद्याचेच ठरते.

गटपॉलिसीची खरी अडचण ही की ती तुमची नसते. नोकरीच्या अखेरच्या दिवशी तिचे छत्र संपते, आणि नोकरी चालू असतानाही दर नूतनीकरणाला मालक अटी बदलू शकतो: यंदा आई-वडील वगळले, यंदा त्यांच्या दाव्यावर वीस टक्के को-पे (बिलाचा तेवढा हिस्सा स्वतः भरण्याची अट) लावला, यंदा बाळंतपणाची मर्यादा कमी केली. हे कर्मचाऱ्याला नंतरच्या एखाद्या ईमेलमधून कळते.

तेव्हा पहिले काम म्हणजे एचआरकडून पॉलिसीच्या अटींचा मूळ दस्तऐवज मागणे. टीपीएचे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे) ई-कार्ड किंवा रुजू होताना दाखवलेल्या स्लाइड पुरेशा नाहीत. विमा रक्कम प्रत्येकाची वेगळी आहे की साऱ्या कुटुंबात मिळून एकच, हे त्यात पाहावे. त्यानंतर डोळे खोलीभाड्याच्या कलमावर ठेवावेत, कारण लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच.

समजा, विमा रक्कम ३ लाख आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा तिच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली आणि चार दिवसांनंतर २,२०,००० रुपयांचे बिल आले: खोली २४,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा मिळून १,१६,००० आणि औषधे, तपासण्या व इम्प्लांट मिळून ८०,०००. बिल विमा रकमेच्या आत असल्याने ते पूर्ण मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची असल्यामुळे खोलीचे निम्मेच, म्हणजे १२,००० मिळतात, आणि डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचे शुल्क खोलीच्या वर्गानुसार बदलत असल्याने तेही त्याच प्रमाणात कापून ५८,०००च दिले जातात. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, म्हणून ते ८०,००० पूर्ण मिळतात. एकूण हाती येतात १,५०,००० आणि खिशातून जातात ७०,०००. हातमोज्यांसारख्या, विम्यातून पैसे न मिळणाऱ्या वस्तूंचा खर्च असेल तर तो आणखी वेगळा. ज्या गटपॉलिसीत अशी मर्यादा आहे, तिथे भरती होतानाच पात्र खोलीचा वर्ग रुग्णालयाच्या विमा कक्षात विचारून घ्यावा.

आता स्वतःच्या पॉलिसीकडे. ती घेताना आपण विमा रकमेपेक्षाही मुदत विकत घेत असतो. वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस दावा करता येत नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा ठरावीक उपचारांसाठी आणि आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे तो सरेपर्यंत त्यांचा दावा मिळत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीची ही कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. तसेच पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. हे घड्याळ पॉलिसी घेतल्याच्या दिवशी सुरू होते. बत्तिसाव्या वर्षी धडधाकट असताना ते सुरू केले तर प्रतीक्षा नकळत सरून जाते. पंचेचाळिसाव्या वर्षी, रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर आणि नोकरी गेल्यावर अर्ज केला, तर हप्ता वाढवून मागितला जाऊ शकतो, अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि पॉलिसी मिळालीच तर प्रतीक्षा नेमकी गरजेच्या वर्षांत येते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पॉलिसी लहान घ्या, पण आजार जडण्याआधी घ्या.

पती-पत्नी आणि मुलांसाठी एकच फॅमिली फ्लोटर, म्हणजे साऱ्या कुटुंबात मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी, सोयीचा असतो. मात्र फ्लोटरचा हप्ता सर्वांत वयस्कर सदस्याच्या वयावर ठरत असल्याने त्यात आई-वडिलांना घालू नये. एक तर हप्ता भडकतो, आणि त्यांच्या एका मोठ्या उपचारात सर्वांची रक्कम संपू शकते. त्यांची पॉलिसी वेगळी असावी. त्यांनी सत्तरी ओलांडली असेल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न पाहता काढता येते आणि त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार येतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. या योजना संलग्न रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच लागू होतात, त्यामुळे घराजवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे हे आधीच पाहून ठेवावे.

हप्ता परवडत नाही तेव्हा एजंट सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या (उंबरठ्याच्या) वरचाच खर्च देणारी स्वस्त पॉलिसी, सुचवतात. तो उपयोगी आहे, पण त्याचे गणित नीट समजून घ्यावे. ५ लाखांच्या उंबरठ्याचा सुपर टॉप-अप वर्षभरातील सर्व बिलांची बेरीज धरतो: एकाच वर्षात ४ लाख आणि ३ लाखांची दोन बिले झाली, तर तो वरचे २ लाख देतो. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे मोजतो आणि याच उदाहरणात काहीच देत नाही. तरीही कंपनीच्या ५ लाखांच्या भरवशावर घेतलेला सुपर टॉप-अप नोकरी सुटताच अधांतरी राहतो, कारण खालचे ५ लाख मग स्वतःलाच भरावे लागतात. माझ्या मते आधी छोटी का होईना, स्वतःची मूळ पॉलिसी घ्यावी आणि त्यावर सुपर टॉप-अप ठेवावा.

खर्चाच्या बाबतीत एक बदल लक्षात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व फॅमिली फ्लोटर पॉलिसीच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला. गटपॉलिसीवर तो कायम राहिला. हप्त्यावरची ८०डी म्हणून ओळखली जाणारी आयकर वजावट मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते, त्यामुळे नव्या प्रणालीत असाल तर करबचतीचा विचार बाजूला ठेवून निर्णय घ्यावा.

दोन्ही पॉलिसी असताना आधी कंपनीची वापरावी, म्हणजे स्वतःच्या पॉलिसीतील नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारा लाभ) शाबूत राहतो. बिल त्यापुढे गेले तरच उरलेल्या रकमेचा दावा दुसरीकडे करावा. त्यासाठी पहिल्या कंपनीचे दावा मंजुरीचे पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती लागतात.

नोकरी सोडताना स्वतःची पॉलिसी नसेल, तर गटपॉलिसी संपण्याच्या आधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरासाठी लेखी अर्ज करावा. गटात सलग काढलेला काळ प्रतीक्षा कालावधीत जमा धरला जातो, हप्ता मात्र त्या वेळच्या वयाचा लागतो.

अर्ज स्वतः भरावा, एजंटाला भरू देऊ नये. थायरॉइडची गोळी, जुने ऑपरेशन, अगदी मर्यादेवरची साखरसुद्धा त्यात लिहावी. पॉलिसी हाती आल्यावर त्या नोंदी तशाच उतरल्या आहेत का, हे तपासावे. चूक दुरुस्त होत नसेल किंवा अटी पटत नसतील, तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते आणि थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो.