रॉक गिटार कशी शिकावी आणि सोबतच्या वादकांशी संगीतावर कसे बोलावे

रॉक ऐकून गिटार हातात घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण काही महिन्यांतच ती कोपऱ्यात ठेवून देतात, आणि त्याचे कारण बहुधा बोटांत नसते. आवडलेला वेगवान सोलो पहिल्याच आठवड्यात वाजवून पाहायचा, तो जमला नाही की दुसरा घ्यायचा आणि हे सगळे एकट्यानेच करायचे, अशा शिक्षणात आपण नेमके कुठे अडलो आहोत हे सांगणारे कोणीच नसते. रॉक हे मुळात बँडचे संगीत आहे. त्यामुळे रोजचा थोडा सराव आणि वाजवणाऱ्या माणसांशी नेमके बोलणे ही दोन्ही कामे पहिल्या महिन्यापासूनच सुरू करावीत, असे माझे ठाम मत आहे. पुढील क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

वाद्य निवडणे आणि सुरात लावणे

ॲकॉस्टिक गिटारवर बोटे आधी कडक करून घ्यावीत आणि मग इलेक्ट्रिककडे वळावे, हा सल्ला सर्रास दिला जातो; ज्याला रॉकच वाजवायचे आहे त्याने तो मानण्याची गरज नाही. ॲकॉस्टिकवर पहिली, म्हणजे सगळ्यात पातळ, तार साधारणपणे ०.०१२ इंच जाडीची असते, तर इलेक्ट्रिकवर ०.००९ किंवा ०.०१० इंचाची. पातळ तार कमी जोराने दाबली जाते, आणि रॉकचा प्राण असलेला बेंड (दाबलेली तार आडवी ढकलून सूर चढवणे) पहिल्या काही आठवड्यांतच करून पाहता येतो. गिटार निवडताना दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेल्या घरात) दाबून ती कुठे खरखरते का ते पाहावे. त्यानंतर बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर तारेला हलकेच बोट टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा बारीक सूर, काढावा आणि मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवावी. हे दोन्ही सूर एकच यायला हवेत. ते जुळत नसतील तर ब्रिजवरील (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या भागावरील) सॅडल, म्हणजे तारेखालचा टेकू, पुढेमागे करून घ्यावे लागते. तसे न केल्यास सुरात लावलेली गिटारही वरच्या फ्रेटवर बेसूर वाजते, आणि शिकणारा आपल्याच बोटांना दोष देत राहतो.

जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत सूर असे असतात: ई, ए, डी, जी, बी, ई. ट्यूनर जरूर वापरावा, पण त्याच्यावरच विसंबून राहू नये. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार पाचव्या फ्रेटवर दाबली की पाचव्या तारेचा सूर मिळतो. याच रीतीने पुढे जावे, फक्त तिसऱ्या तारेवरून दुसरी लावताना चौथा फ्रेट धरावा. दोन तारांचे सूर जवळ आले पण जुळले नाहीत, तर त्यांच्या एकत्रित आवाजात एक लहर ऐकू येते. खुंटी हळूहळू फिरवावी. सूर जवळ येतील तशी ती लहर संथ होते आणि नेमके जुळले की थांबते. ही लहर ओळखता येणे हे कान तयार होऊ लागल्याचे पहिले लक्षण आहे. तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणावी, कारण वरून उतरवत आणलेली तार वाजवताना पुन्हा ढिली पडते.

पॉवर कॉर्ड आणि पाम म्यूट

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर. रॉकसाठी बोटांचा पहिला आकार शिकावा तो पॉवर कॉर्डचा. तर्जनी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर ठेवली की ‘जी’ या सुराची पॉवर कॉर्ड तयार होते. हाच आकार जसाच्या तसा वर-खाली सरकवला की बाकीच्या सगळ्या पॉवर कॉर्ड मिळतात. तर्जनीचा उरलेला भाग पातळ तारांवर हलकासा टेकलेला असू द्यावा, म्हणजे नको असलेल्या तारा वाजत नाहीत.

या कॉर्डमध्ये केवळ षड्ज आणि पंचम असतात, गंधार नसतो, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या परिणामातून, एकाच वेळी दोन सूर गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर निर्माण होतात. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनांचे प्रमाण २:३ असल्यामुळे त्यांच्या वजाबाकीतून षड्जाचाच खालचा सप्तक मिळतो, आणि कॉर्ड भरदार वाटते. शिवाय फ्रेटवरचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा जेमतेम २ सेंट उतरलेला असतो (एका सेमीटोनचे, म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचे, १०० सेंट धरले जातात), तर मेजर कॉर्डचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो. स्वच्छ आवाजात हा फरक खपून जातो. डिस्टॉर्शन वाढवले की तोच घरघर बनून समोर येतो. म्हणूनच पूर्ण मेजर कॉर्ड वाजवताना अनुभवी वादक गेन, म्हणजे आवाज फाटण्याचे प्रमाण, कमी करतात. ‘द किंक्स’चे डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ साली ‘यू रिअली गॉट मी’साठी ॲम्पच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरून तो खरखरीत आवाज मिळवला होता. आज तोच परिणाम पायाने दाबायच्या एका पेडलने साधतो, त्यामुळे हात आवरणे अधिक महत्त्वाचे झाले आहे.

पाम म्यूटसाठी, म्हणजे तळव्याने तारांचा आवाज अर्धवट दाबण्यासाठी, छेडणाऱ्या हाताच्या तळव्याची करंगळीकडील कड ब्रिजच्या सॅडलवर ठेवावी. हात अर्धा सेंटिमीटर पुढे गेला तर सूर मरतो, मागे गेला तर तार मोकळी वाजते. मधली जागा प्रत्येक गिटारवर शोधावी लागते. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्याला दोन आघात द्यावेत, तेही सगळे वरून खाली. चार आघात दाबलेले आणि पाचवा मोकळा, असा क्रम सलग दोन मिनिटे लय न ढळता वाजवता आला की मग वेग ५ ने वाढवावा. हा सराव कंटाळवाणा आहे हे मान्य, पण रिदम गिटारची (कॉर्ड वाजवून गाण्याची लय धरणाऱ्या गिटारची) सगळी ताकद इथूनच येते.

काही तारा मोकळ्याच वाजवणाऱ्या ओपन कॉर्डही सोबत शिकाव्यात. त्यांत अडचण आकाराची नसते, एका आकारातून दुसऱ्यात जाण्याची असते, म्हणून हलणारी बोटे कमीत कमी कशी राहतील ते पाहावे. सी कॉर्डवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधले बोट जागचे हलतच नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर जाते. एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या बार कॉर्डची घाई करू नये.

बेंड: पहिला खरा लीड सूर

लीडसाठी, म्हणजे कॉर्डच्या वर सुरावट वाजवण्यासाठी, ए मायनर पेंटाटॉनिक ही पाच सुरांची स्केल पाचव्या फ्रेटपासून बसवावी. तिचा पहिला आकार एका आठवड्यात पाठ होतो, आणि इथेच बहुतेकजण फसतात: ते स्केल वर-खाली पळवत राहतात आणि सूर लावायला मात्र शिकत नाहीत. त्याऐवजी एकच बेंड घ्यावा. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर अनामिका ठेवावी, मधले बोट आणि तर्जनी तिच्या मागे त्याच तारेवर आधाराला ठेवावीत, अंगठा गिटारच्या मानेवरून थोडा वर आणावा आणि मनगट फिरवून तार वर ढकलावी. बोटांनी ढकलू नये, ती लवकर थकतात. इथला मूळ सूर डी आहे आणि एक पूर्ण स्वर (दोन फ्रेटचे अंतर) चढल्यावर तो ई व्हायला हवा. नेमका तोच ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर असतो. आधी तो वाजवून कानात घ्यावा, मग बेंड करावा, मग पुन्हा तो वाजवून पडताळावा. नवशिक्यांचा बेंड बहुतेक वेळा कमी पडतो, आणि सोलो ऐकताना काहीतरी खटकते पण काय ते सांगता येत नाही, त्याचे कारण बरेचदा हेच असते.

ऐकून शोधणे

टॅब (कोणती तार कोणत्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांनी दाखवणारे लेखन) हाताशी असली तरी प्रत्येक नवी रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) आधी कानाने शोधण्याचा प्रयत्न करावा. गाण्याचा मूळ सूर कोणता ते सहाव्या तारेवर चाचपडत शोधावे, मग रिफचा पहिला आणि शेवटचा सूर पकडावा, आणि मधले भरत जावे. कानाने सगळे सापडणार नाही. पण कुठे अडले ते नेमके कळते, आणि तेच पुढे इतरांना विचारायचे असते.

‘डीप पर्पल’च्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची १९७२ मधील रिफ हे याचे उत्तम उदाहरण आहे. नवशिके ती एका तारेवर किंवा नेहमीच्या पॉवर कॉर्डवर वाजवतात आणि ती ओळखूही येते. बँडचे तेव्हाचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर मात्र दोन लगतच्या तारा एकाच फ्रेटवर धरून, म्हणजे पंचम षड्जाच्या खाली ठेवून वाजवतात, आणि पिक (तार छेडायची छोटी चकती) न वापरता बोटांनी दोन्ही तारा एकदमच ओढतात. डी आणि जी या तारा आधी उघड्या, मग तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर अशा ओढून पाहाव्यात. पिकने तारा एकामागोमाग वाजतात, बोटांनी त्या एकाच क्षणी सुटतात, आणि रिफचा तो ठोसा त्यातून येतो. सूर बरोबर असूनही ‘तसे’ का वाटत नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा असे हातात दडलेले असते.

वादकांशी बोलणे

सगळ्यात मोठा गिटारवादक कोण, या वादात तास निघून जातात आणि हाती काही लागत नाही. तोच वाद ‘तो काय करतो’ या प्रश्नाकडे वळवला की प्रत्येकजण शिकतो. ‘ब्लॅक सॅबथ’चे गिटारवादक टोनी आयोमी यांचेच पाहा. पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोके त्यांनी गमावली. पुढे त्यांनी बोटांसाठी स्वतः टोपणे बनवली, पातळ तारा वापरल्या आणि ‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७१ मधील ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमच्या काही गाण्यांत गिटार तीन सेमीटोन खाली उतरवली. तारेवरचा ताण कमी झाला आणि आवाज जड झाला. ही माहिती मिळाल्यावर कोणीतरी लगेच आपली गिटार उतरवून पाहतो, ढिल्या तारा फ्रेटवर आपटतात, मग जाड तारांची चर्चा निघते, आणि गप्पा सरावाचाच भाग होतात. म्हणून बोलायला बसताना एक तरी गिटार हाताशी असावी.

प्रश्न लहान आणि नेमका विचारावा. ‘हा सोलो कसा वाजवायचा?’ याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. ‘दुसऱ्या कडव्यानंतर जो सूर वर जातो, तो बेंड आहे की स्लाइड?’ याला देता येते, आणि उत्तर देणाराही पुन्हा कान देऊन ऐकतो. स्लाइडमध्ये, म्हणजे दाबलेले बोट तारेवरून सरकवताना, मधल्या फ्रेटच्या पायऱ्या पुसटशा ऐकू येतात, बेंड सलग चढतो. आपल्याला जमते तेवढे आधी वाजवून दाखवावे आणि जिथे अडते तिथेच थांबावे. समोरच्याला सांगण्यापेक्षा दाखवण्यातून जास्त कळते. समोरचा वाजवत असताना त्याच्या दोन्ही हातांकडे पाहावे, विशेषतः छेडणाऱ्या हाताकडे, कारण टॅबमध्ये तो सहसा उतरलेला नसतो.

दुसऱ्याला सांगण्याची वेळ आली तर एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि तीही त्याने विचारली असेल तरच. नुकत्याच शिकू लागलेल्या माणसाची एकाच बैठकीत अंगठा, मनगट, पिकचा कोन आणि लय अशी सगळी दुरुस्ती केली तर तो पुढच्या वेळी गिटार घरी ठेवून येतो. पेडल आणि ॲम्पवरच्या गप्पा रंगतातच, आणि त्या रंगाव्यातही; पण एखाद्याचा आवाज आवडला तर आधी त्याचे गेन किती आहे ते विचारावे. जुन्या रॉक रेकॉर्डवरचे गेन वाटते त्यापेक्षा पुष्कळच कमी असते.

एकत्र वाजवणे

दोघे भेटल्यावर सुरुवात ए मधील बारा बार ब्लूजने, म्हणजे बारा आवर्तनांच्या ठरलेल्या कॉर्ड-क्रमाने, करावी: चार बार ए, दोन डी, दोन ए, मग एक ई, एक डी आणि शेवटी पुन्हा दोन ए. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. एकाने चार मोजून लय द्यावी आणि पॉवर कॉर्ड धराव्यात; दुसऱ्याने वर दिलेल्या पेंटाटॉनिकमधून वाजवावे आणि बारा बार संपले की भूमिका बदलाव्यात. चूक झाली तर थांबू नये, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर परत यावे. लीड वाजवणाऱ्याने दोन बार वाजवून दोन बार गप्प राहावे. या मोकळ्या जागेत रिदमचा पाम म्यूट ऐकू येतो, लय कुठे पळते आहे ते कळते आणि पुढचे वाक्य सुचायला वेळ मिळतो. ॲम्पचा आवाज दोघांनाही एकमेकांची गिटार स्पष्ट ऐकू येईल इतकाच ठेवावा. स्वतःचीच गिटार ऐकू येत असेल तर आपला नॉब कमी करावा. वाजवलेले फोनवर रेकॉर्ड करून लगेच दोघांनी मिळून ऐकावे, आणि बेंड कुठे कमी पडला, भूमिका बदलताना लय कुठे ढळली, तेवढ्यावरच बोलून तेच बारा बार पुन्हा घ्यावेत.