गिअर अडकत पडतोय? नॉब बदलू नका, तेल बदला

गिअर घट्ट पडतोय म्हटलं की कोणीतरी लगेच जड नॉब नाहीतर शॉर्ट शिफ्टर (हात कमी हलवून गिअर पडेल असा लिव्हर) सुचवतं. ते पैसे खिशातच राहू द्या आणि आधी दुखणं कुठे आहे ते बघा.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. तेव्हाही अडकले तर दोष लिव्हरखालच्या बुशात (सांध्यातल्या छोट्या नळीसारख्या तुकड्यात) किंवा गिअरच्या केबलमध्ये. बंद गाडीत सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. सकाळी गार गाडीत दुसरा गिअर खरखरतो आणि दोन-तीन किलोमीटरनंतर सुरळीत होतो, तर बहुतेक वेळा गिअरबॉक्सचं तेल.

बुशचं काम सोपं: जुने उपटा, नवे ग्रीस लावून बसवा. क्लच केबलची असेल तर पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या.

तेलाची मात्र गोष्ट वेगळी. दहा किलोमीटर फिरवून तेल कोमट करा, गाडी सपाट जागी चारही स्टँडवर घ्या. एकच बाजू उचलली तर पातळी चुकते. आणि आता हात आवरा: ड्रेन प्लगला, म्हणजे तेल खाली काढायच्या बुचाला, आधी हात लावू नका. फिलर प्लग, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच, आधी सोडवा. पहिल्या वेळी मी उत्साहात सगळं तेल खाली काढलं आणि मग कळलं, फिलर प्लग गंजून बसलाय. बारा कोनी सॉकेटने जोर लावला, तर कडाच गोल झाल्या. गाडी पार्किंगमध्ये, गिअरबॉक्स कोरडा, चालवत गॅरेजला न्यायचीही सोय नाही. शेवटी टो करून नेली. तेव्हापासून आदल्या रात्री प्लगवर गंज सोडवणारा स्प्रे मारतो आणि सहा कोनी सॉकेटच वापरतो.

दुसरं भांडण दुकानदाराशी. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-९० (तेलाचा घट्टपणा) जीएल-४ (तेलाचा प्रकार) लिहिलं असताना तो जीएल-५ काढून देतो, "वरचा नंबर आहे, भारीच की!" जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागासाठी. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी सिंक्रो रिंगला (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्याला) त्रास देऊ शकतात, शिवाय रिंगला जी पकड लागते तीच निसटते. डबा उलटा करून वाचा, दुकानदाराचं ऐकू नका.

तेल काढल्यावर प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा दिसला तर घाबरू नका. गिअरच्या दाताचे तुकडे दिसले तर थांबा. ड्रेन प्लग नव्या वॉशरसह आवळा. वरून मीटरभर पारदर्शक नळी आणि नरसाळं लावून नवं तेल हळूहळू ओता. फिलरच्या भोकातून बारीक धार बाहेर आली की पुरे. त्यालाही नवा वॉशर घालून बंद करा.

दोनेकशे किलोमीटर चालवूनही दुसरा गिअर खरखरतच राहिला, तर सिंक्रो रिंग झिजलेली असणार. तिथे तेल काही करत नाही, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.